सकपाळ मास्तरांची दम खाणारी गाडी

सकपाळ मास्तरांनी उभ्या आयुष्यात शाळेत कुणाला शिकवलं नाही. ते एसटीत कंडक्टर होते. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणायची रीत आहे आणि निवृत्त झाल्यावरही ते नाव माणसाला सोडत नाही. ग्राहक आयोगात पहिल्या तारखेला एका कारकुनाने त्यांना कोणता विषय शिकवायचात असं आदराने विचारलं होतं. मास्तरांनी त्याला 'पुढे सरका' असं सांगितलं म्हणे. खरंखोटं त्यांनाच माहीत, पण सांगताना ते हसत नसत, त्यामुळे मी विश्वास ठेवला.

माझं महाडला कोर्टासमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वीस वर्षं मी लोकांची भांडणं टाइप करते. बांध, वाटण्या, सोडचिठ्ठ्या, सगळं माझ्या बोटांखालून जातं. या धंद्यात टाइप करावं पण वाचू नये असं म्हणतात. मला ते कधी जमलं नाही. समोरचा अर्ज संपला की पुढे काय झालं हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. चौकसपणा हा माझा दुर्गुण आहे आणि मास्तरांसारखं गिऱ्हाईक मिळालं की तो फारच बळावतो.

पहिल्यांदा आले तेव्हा खुर्ची रिकामी असून बसले नाहीत. दाराच्या चौकटीला पाठ टेकून, पाय फाकवून उभे राहिले. चालत्या गाडीत तीस वर्षं उभं राहिलेला माणूस स्थिर जमिनीवरही तसाच उभा राहतो हे मला तेव्हा कळलं. आत आल्याआल्या त्यांनी नजरेनेच माणसं मोजली. मोजायची त्यांना सवयच होती. लग्नात, मयताला, दवाखान्यात, कुठेही पाऊल टाकलं की आधी डोकी मोजायची. मग झेरॉक्ससाठी उभ्या असलेल्या दोघांना त्यांनी आत सरकवलं, कारण त्यांच्या मते दुकानात अजून दोन माणसांची जागा होती. होतीही.

त्यांनी आणलेला मजकूर रेघांच्या कागदावर होता. अक्षर बारीक, सरळ, एकही खाडाखोड नाही. पहिलंच वाक्य होतं, 'आमची गाडी कुडपणच्या चढाला दम खाते.' मी शहाणपणा केला. टाइप करताना ते 'सदर वाहन चढावर वारंवार बंद पडते' असं करून टाकलं. मास्तरांनी कागद वाचला आणि परत माझ्यासमोर ठेवला.

"बंद पडलेली गाडी ढकलावी लागते, बाय. ही ढकलावी लागत नाय. धा मिंटं थांबते, मंग आपली आपण चालू व्हते. म्हंजे दम खाते. जे हाय ते लिव."

मी लिहिलं. कायद्याच्या भाषेत ते कसं दिसेल याची मला धाकधूक होती, पण त्यांच्या सुरात वाद घालायला जागा नव्हती.

गाडी सात सीटची, नवीकोरी घेतलेली. कंपनीचं नाव इथे कशाला, त्याने कुणाचं भलं व्हायचं नाही. मास्तरांचा मुलगा रुपेश मुंबईत एका ऑफिसच्या गाड्या चालवायचा. मास्तर निवृत्त झाल्यावर तो गावी परत आला, म्हणाला, आता इथेच राहतो, शेती बघतो, आईला दवाखान्यात न्यायला-आणायला घरची गाडी असू दे. कुडपण डोंगरावर. पोलादपुरातून वर चढायचं तर वळणावर वळण. गाडीने पहिल्याच महिन्यात त्या चढाला दम खायला सुरुवात केली. सहा वेळा कंपनीच्या दुरुस्तीच्या कारखान्यात नेली. सहाही वेळा तिथल्या माणसाने एकट्याने हायवेवर फिरवून आणली आणि कागदावर 'दोष आढळला नाही' असं लिहून दिलं.

मग एके दिवशी सगळं घर गाडीत आणि रुपेश स्टिअरिंगवर असताना ती तिसऱ्या वळणावर थांबली. इंजिन बंद झाल्यावर ब्रेक जड झाला, गाडी मागे घरंगळली आणि गटाराच्या कठड्याला लागली. काकींचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं, मनगट मोडलं. माणसं धावून आली. त्या सगळ्यांसमोर मास्तर मुलाला बोलले, की तुला गाडी चालवता येत नाही, मुंबईत तू काय चालवत होतास देव जाणे.  रुपेश आईच्या हाताला प्लास्टर पडेपर्यंत थांबला आणि मुंबईला निघून गेला. तिथे आता एका गोदामात खोकी बांधतो. स्टिअरिंगला हात लावत नाही आणि गावी येत नाही.

त्यानंतर मास्तरांनी आपल्या जुन्या सोबत्याला बोलावलं. घाटात जन्म गेलेला एसटीचा ड्रायव्हर. तो चालवत होता, मास्तर बसले होते आणि गाडीने त्याच वळणावर दम खाल्ला. "त्या दिवशी मला जेवन गेलं नाय," असं मास्तर मला म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात होते.

म्हणून अर्जाच्या शेवटी त्यांनी जी मागणी क्रमांक एक घातली होती, तिच्यासाठीच सगळा खटाटोप होता. गाडीची किंमत, नुकसानभरपाई ह्या खालच्या मागण्या. पहिली मागणी अशी: 'गाडी चालवणाऱ्याचा दोष नव्हता असे आयोगाने लिहून द्यावे.' शेजारच्या वकीलसाहेबांनी ती वाचून कपाळाला हात लावला. म्हणाले, आयोग वस्तूचा दोष बघतो, माणसाच्या निर्दोषपणाचे दाखले देत नाही. मास्तर म्हणाले, मागायला काय हरकत आहे. वकील त्यांनी लावला नाही. ग्राहकाला स्वतः उभं राहता येतं हे त्यांना कुठून तरी कळलं होतं, आणि उभं राहण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

तारखा सुरू झाल्या. प्रत्येक तारखेच्या दुसऱ्या दिवशी ते दुकानात येत आणि काय काय झालं ते सांगत. मी कामं बाजूला सारून ऐके.

कंपनीचा लेखी जबाब आला तो इंग्रजीत. मी त्यांना मराठी करून सांगायला बसले आणि दुसऱ्याच पानावर अडखळले. त्यात लिहिलं होतं की तक्रारदार स्वतःच चढावर विश्रांतीसाठी गाडी थांबवतो आणि तसं त्याने कारखान्यात कबूल केलं आहे. मास्तरांना काही उमगेना. मग आम्ही कारखान्यातले सहा कागद काढून बघितले. पहिल्याच भेटीत मास्तरांनी काउंटरवरच्या पोराला 'चढाला दम खाते' असं सांगितलं होतं. पोरगा मराठीच, पण त्याला फॉर्म इंग्रजीत भरायचा होता. त्याने आपल्या अकलेप्रमाणे 'घाटात विश्रांती घेतात' असं लिहिलं, आणि पुढच्या पाचही वेळा तेच उतरवलं गेलं.

मला हसू आवरेना. मास्तर मात्र हसले नाहीत. माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलून त्यांनी त्या ओळीखाली रेघ मारली. "सहा डाव मी सांगतोय गाडीचं, आनि हे लिवतात माझं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मला त्यांची कीव आली. माझाच पहिला शहाणपणा बरोबर होता असंही वाटून गेलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

दुसरा घोळ त्यांच्या वहीचा. तीस वर्षं नोंदी केलेला माणूस, घरच्या गाडीतही त्याला नोंद केल्याशिवाय चैन पडेना. गाडी निघाली की हे वही काढणार, आणि स्वतः गाडीत नसले तर ती परत आल्यावर विचारून लिहिणार. तारीख, कुठून कुठे, कोण कुठे चढलं, कोण कुठे उतरलं, कोणत्या सीटवर बसलं, गाडीने कुठे दम खाल्ला. दम खाल्ल्याच्या तारखा पुराव्यात दाखवायच्या म्हणून त्यांनी अख्खी वहीच आयोगात दाखल केली. कंपनीच्या वकिलाला आयतं सापडलं. त्याने उभं राहून वाचायलाच घेतलं: कुडपण ते पोलादपूर, माणसं सात, बोकड एक. ही वडाप गाडी आहे, प्रवासी वाहतुकीचा धंदा आहे, धंद्यासाठी घेतलेल्या गाडीचा मालक ग्राहक होत नाही, सबब तक्रार फेटाळावी.

आयोगाच्या अध्यक्षीण बाईंनी मास्तरांना विचारलं, की ही नोंद कशासाठी ठेवता. मास्तर म्हणाले, सवय आहे. शेजारीपाजारी वाटेत हात करतात, त्यांना सोडून कसं जायचं. पैसे कुणाकडून घेतले नाहीत, बोकडाकडूनही नाही. तरी वकील ऐकेना, तेव्हा मास्तरांनी वहीचं पान उलटून बाईंसमोर धरलं. तिथे लिहिलं होतं: 'सौ. पार्वती सकपाळ, घर ते दवाखाना, मधली सीट. स्वतः, घर ते दवाखाना, मागची सीट डावीकडे.'

"ही माझी बायको, म्याडम. हिला मी काय भाडं लावनार?"

बाई हसल्या म्हणे. वही त्यांनी ठेवून घेतली आणि तक्रार चालू राहिली. गाडीची तपासणी एखाद्या जाणकाराकडून करून घ्यायचीही त्यांनीच ठरवली. तंत्रनिकेतनातले एक प्राध्यापक नेमले गेले.

प्राध्यापक मोठे वल्ली निघाले. पहिल्याच फोनवर त्यांनी मास्तरांना विचारलं की गाडी कुठे बिघडते. मास्तरांनी सांगितलं, कुडपणच्या चढाला, भरलेली असताना. मग तिथेच, भरूनच बघू, असं प्राध्यापक म्हणाले. सहा वेळच्या तपासणीत हे कुणाला सुचलं नव्हतं. चालवायला कंपनीचाच माणूस घ्यायचा, म्हणजे ड्रायव्हरवर नंतर कुणी बोट ठेवायला नको, हेही त्यांनीच ठरवलं. सात माणसं हवी होती. कंपनीचा ड्रायव्हर, त्यांचा इंजिनिअर, प्राध्यापक, मास्तर, काकी आणि एक शेजारी अशी सहा झाली. सातवी मी. दुकान बंद ठेवून मी निव्वळ वजन म्हणून गेले, आणि मला बोलावलं नसतं तरी गेले असते.

पोलादपूरहून निघताना प्राध्यापकांनी मास्तरांना पुढे बसवलं, वाटेतली वळणं दाखवायला. मास्तर पुढे बसायला तयार नव्हते. नाइलाजाने बसले आणि गुडघे आवळून अंग चोरून राहिले. काकी माझ्या शेजारी. मागची डावी जागा मास्तरांची म्हणून तिथे त्यांनी कुणाला बसू दिलं नाही, त्यामुळे मधल्या सीटवर आम्ही चौघं दाटीने होतो. मोडलेलं मनगट त्यांनी सवयीने दुसऱ्या हातात धरलं होतं. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणाला काकींनी डोळे मिटले. गाडी हसतखेळत वर गेली.

कुडपणला मास्तरांच्या अंगणात आम्ही चहाला बसलो तेव्हा कंपनीच्या इंजिनिअरच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मास्तर चौकटीलाही टेकले नाहीत. अंगणाच्या कडेला जाऊन पाठमोरे उभे राहिले. सगळं संपलं असं मलाही वाटलं. गाडी चांगली ठरली म्हणजे रुपेश वाईट ठरला, आणि तेही आता कायमचा.

प्राध्यापक मात्र चहा निववत मास्तरांच्या वहीची आयोगाकडून आणलेली प्रत चाळत होते. पानं पुढे-मागे करत होते. मध्येच एका कागदावर टिंबं देत होते. मग त्यांनी हाक मारली.

"मास्तर, ज्या ज्या दिवशी गाडी थांबली, त्या प्रत्येक दिवशी तुम्ही मागे डावीकडे बसला आहात. तुम्ही नाही त्या दिवशी ती एकदाही थांबलेली नाही."

मास्तर म्हणाले, त्यांची ती जागाच आहे. कंडक्टर मागेच बसणार, तिथून सगळी गाडी दिसते.

आम्ही पुन्हा खाली उतरलो आणि पुन्हा चढायला लागलो. या वेळी मास्तर मागे डावीकडे, प्राध्यापक पुढे.  तिसऱ्या वळणाच्या अलीकडे इंजिनाने एकदा आचका दिला, दुसरा दिला आणि गाडी थांबली. कंपनीच्या माणसाने हँडब्रेक ओढला. आम्ही उतरून चाकांना दगड लावले. प्राध्यापक रस्त्यावर अंग टाकून गाडीखाली सरकले आणि तिथून मास्तरांना म्हणाले, तुम्ही आतच थांबा, मी सांगतो तसं करा. उठा. बसा. उठा. बसा. मास्तर आज्ञाधारकपणे उठत-बसत होते आणि खालून प्राध्यापक 'वा, वा' करत होते.

झालं होतं ते इतकंच. डिझेलच्या टाकीत हवा जायला एक बारीक नळी असते. डिझेल जसं कमी होईल तशी हवा आत यावी लागते. गाडी बनवतानाच ती नळी चुकीच्या बाजूने नेऊन बांधली होती. मागच्या डाव्या सीटवर माणूस बसला की सीटची पट्टी खाली दबून नळी चेपत होती. सपाटीला डिझेल कमी लागतं म्हणून चालून जायचं. चढाला इंजिन जास्त ओढायचं, हवा पुरायची नाही, मग गाडी थांबायची. दहा मिनिटांत कुठून तरी हवा झिरपली की पुन्हा चालू.

प्राध्यापक धूळ झटकत उठले. "तुम्ही अर्जात बरोबर लिहिलं होतं मास्तर," ते म्हणाले. "श्वासच अडत होता तिचा. खरोखर दम खात होती."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मास्तर गाडीतून उतरलेच नाहीत. त्याच सीटवर बसून होते. काकी दाराशी गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "पोरगं सांगत व्हतं तुमाला."

ते काय सांगत होतं हे मला परतीच्या वाटेवर कळलं. कठड्याला गाडी लागली त्या दिवशी रुपेश म्हणाला होता, बाबा, तुम्ही गाडीत नसलात की ती नीट चालते. त्याने नुसतं पाहिलेलं सांगितलं होतं. मास्तरांना वाटलं, पोरगा वर तोंड करून आपल्यालाच पनवती म्हणतोय. म्हणून ते चिडले आणि गावासमोर नाही नाही ते बोलले. हे मास्तर स्वतःच सांगत होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघणं बरं दिसलं नसतं.

प्राध्यापकांचा अहवाल गेला आणि काही महिन्यांनी निकाल आला. कंपनीने गाडी परत घ्यावी, पूर्ण किंमत द्यावी, त्रासाबद्दल भरपाई द्यावी. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. दुकानातल्या लोकांनी मास्तरांचं अभिनंदन केलं. कुणीतरी पेढ्यांचं काढलं.  मास्तरांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचायला सांगितली. 'तक्रारदाराच्या उर्वरित मागण्या नामंजूर करण्यात येतात.'

"यात एक नंबरची आली का?"

मी म्हटलं, आली. मग घाईघाईने समजावलं, की नामंजूर म्हणजे तुमचं खोटं ठरलं असं नाही. गाडीत दोष होता असं लिहिलंय म्हणजे ड्रायव्हरचा नव्हता हे त्यात आलंच. कुणीही शहाणा माणूस तसंच वाचेल. शेजारच्या वकीलसाहेबांनीही येऊन तेच सांगितलं, वरच्या आयोगात अपील करता येतं असंही सुचवलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"म्याडमनी बरोबर केलं," ते म्हणाले. "त्या काय लिवतील? त्या व्हत्या का तिथं? बोललो मी."

एवढं बोलून ते गेले. चार दिवसांनी पुन्हा आले. हातात रेघांचा कागद नव्हता. तोंडी सांगतो, तू लिही, म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दुकानातल्या खुर्चीवर बसले.

मी विचारलं, अर्ज कुणाला करायचा आहे. ते म्हणाले, आयोगाला केला तसाच करायचा, वर तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो सामनेवाला अशी नावं असतात, तशी घालायची. मी कोरं पान घेतलं. तक्रारदार म्हणून त्यांचं, म्हणजे सहदेव गंगाराम सकपाळ असं, नाव टाइप करायला लागले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"तक्रारदार रुपेश सहदेव सकपाळ," ते म्हणाले. "सामनेवाला सहदेव गंगाराम सकपाळ."

माझी बोटं थांबली. त्यांनी पुढे सांगायला सुरुवात केली होती, म्हणून मी टाइप करत राहिले. सामनेवाल्याने अमुक ठिकाणी, गावातल्या माणसांसमोर, तक्रारदाराला गाडी चालवता येत नाही असे म्हटले. ते खोटे होते. तक्रारदाराने गाडीचा दोष सांगितला होता, तो सामनेवाल्याने ऐकला नाही. सामनेवाल्याला हे सर्व मान्य असून त्याचा काहीही बचाव नाही. एकही शब्द त्यांनी बदलला नाही, मीही बदलला नाही. कायद्याची भाषा इतकी सोपी असू शकते हे मला इतक्या वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं.

शेवटी मी सवयीने विचारलं, "मागणी काय लिहू?"

 बाहेर कोर्टात कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला.

"मागनी त्याची हाय. तो लिवंल," ते म्हणाले. "जागा मोकळी ठेव. जरा जास्तीच ठेव."

मी अर्धं पान मोकळं सोडलं. त्यांनी खाली सामनेवाला म्हणून सही केली, कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पोस्टाने पाठवायचा का, असं मी विचारलं तर नाही म्हणून मान हलवली. स्वतः नेऊन देणार होते. दाराशी येऊन मी बघितलं, तर ते एका हाताने खिसा धरून मुंबईची गाडी पकडायला स्टँडकडे चालले होते.